नोरीनला कुणी विचारलंच नाही

फ्रान्समधल्या आमच्या गावची पंचायत कचेरी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी उघडी असते. एरवी कुणी जन्मू नये, मरू नये आणि घर विकू नये, असं आमचे मेयर फोरीसाहेब म्हणतात. मी तिथली चिटणीस, सोलांज. अठ्ठावीस वर्षं त्याच खुर्चीत बसतेय. गावात दोनशे ऐंशी माणसं, त्यातली एकतीस इंग्रज. कामाचा हिशेब लावला तर निम्मं काम त्या एकतिसांचं. आमच्या माणसाला सरकारी पत्र आलं की तो आधी शिव्या घालतो, मग ते फ्रिजवर ठेवून विसरून जातो. इंग्रज माणूस तेच पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सकाळी नऊच्या ठोक्याला माझ्या दारात उभा असतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, विल्फ गारसाइड आणि त्याची अ‍ॅव्हरिल अशीच दारात उभी होती.

विल्फ शहात्तर वर्षांचा. त्याचं सगळं आयुष्य फ्लीटवुड बंदरात मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर, चौदा वर्षांपूर्वी, त्यानं इथं तलावाच्या वाटेवरचं पडकं घर घेतलं. गावातल्या प्रत्येक गवत कापायच्या यंत्राला आणि निम्म्या ट्रॅक्टरांना त्याचा हात लागलेला. तो इंग्लंड युरोपातून बाहेर पडायच्या आधी आलेला, त्यामुळे त्याच्याकडे इथं राहायचं कायमचं कार्ड. अ‍ॅव्हरिलचं तसं नव्हतं. तिची म्हातारी आई स्कारबरोला होती, तिला सोडून येणं जमत नव्हतं. ती उन्हाळ्यात यायची, द्राक्षांची तोडणी झाली की परत जायची. आई गेली, आणि ती बहात्तराव्या वर्षी सामान घेऊन इथं आली. तोवर कायदा बदललेला. तिला दर वर्षी परवाना वाढवून घ्यावा लागायचा. आमच्या भाषेत तिच्या नावाचा अर्थ एप्रिल महिना, म्हणून गावात सगळे तिला एप्रिलबाईच म्हणतात. तिला ते आवडतं.

"सोलांज, हे बघा," विल्फनं पिशवी माझ्यासमोर ठेवली. त्याचं फ्रेंच गॅरेजमध्ये शिकलेलं, नटबोल्टची नावं सगळी बरोबर आणि क्रियापदं सगळी चूक.

पत्र जिल्हा कचेरीतून आलं होतं. एप्रिलबाईंचं उत्पन्न ठरलेल्या रकमेपेक्षा कमी आहे. दोन महिन्यांच्या आत पुरेशा उत्पन्नाचा पुरावा द्या, नाहीतर परवाना वाढणार नाही.

"गेल्या वर्षी तर चाललं होतं," मी म्हटलं.

"गेल्या वर्षी माझ्या खात्यात शिल्लक होती," अ‍ॅव्हरिल म्हणाली. "ती आता छपरावर आहे."

ते मलाही ठाऊक होतं. त्या वसंतात त्यांच्या घराचं सगळं छप्पर नव्यानं घातलं होतं. कौलांचा ट्रक वाटेत रुतला म्हणून अर्धं गाव ढकलायला गेलं होतं. पैसे तिचे होते हे मात्र मला त्या दिवशी कळलं. घर विल्फच्या नावावर.

"मग विल्फचं निवृत्तिवेतन जोडून दाखवा की."

"विचारलं आम्ही. ते म्हणतात, नवरा असेल तरच धरता येईल."

"मग करा लग्न!" मी हसून म्हटलं. "चौतीस वर्षं एकत्र आहात. लग्न फोरीसाहेबच लावतात; त्यांना मेयरचा पट्टा बांधून मिरवायला तेवढंच निमित्त."

कुणी हसलं नाही. विल्फ माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडून त्याची स्प्रिंग तपासायला लागला.

"त्याचं लग्न झालेलं आहे," अ‍ॅव्हरिल शांतपणे म्हणाली. "आधीचं. नोरीन नाव तिचं. ती घटस्फोट देत नाही. यानं किती वेळा लिहिलं, पण बाई काही ऐकत नाही."

"हट्टी आहे," विल्फ स्टेपलरला म्हणाला.

मी त्यांना तालुक्याच्या गावी नोटरीबाईंकडे पाठवलं, दुसरी काही वाट आहे का ते विचारायला. शुक्रवारी दोघं परत आली ती आणखी उतरलेल्या चेहऱ्यानं. नोटरीबाईंनी परवान्याचं बाजूला ठेवून भलतंच विचारलं होतं, उद्या विल्फ गेला तर घर कुणाचं? कायद्यानं बायको नोरीन. मृत्युपत्र करून त्यानं अ‍ॅव्हरिलला दिलंच, तर सरकारच्या दृष्टीनं ती त्याची कुणीच नाही, आणि परक्या माणसाला मिळालेल्या वारशावर शंभरातले साठ सरकारचे.

"साठ!" अ‍ॅव्हरिल म्हणाली. "म्हणजे छपराखालचा जेवढा भाग माझा राहील तेवढ्यात माझी खाटही मावायची नाही."

"मी काही एवढ्यात मरत नाही," विल्फ म्हणाला.

"तुझं कोण ऐकतंय?"

हे ती चिडून नाही बोलली. ती चिडलेली मी तोवर पाहिलीच नव्हती. उंच, हडकुळी बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम केलेली, त्यामुळे कसलाही गोंधळ झाला तरी आधी हात पुसायची आणि मग बोलायची.

त्या आठवड्यात तिनं इंग्लंडमधल्या एका वकिलाच्या कचेरीत फोन लावला. फोन माझ्याच टेबलावरून केला, कारण तलावाकडे कधी आवाज येतो कधी जातो. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती. अ‍ॅव्हरिल ऐकत होती आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत होती. मग तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"तिकडे आता कायदा सोपा झालाय. दोघांनी मिळून अर्ज करता येतो. समोरचा तयार नसेल तर एकट्यानंही करता येतो." थोडी थांबून ती म्हणाली, "आणि ती म्हणाली, पाच वर्षं वेगळं राहिल्यावर पूर्वीसुद्धा समोरच्याची संमती लागत नव्हती. म्हणजे साधारण त्र्याण्णव साली मिळाला असता."

विल्फ बाहेर पंचायतीच्या गवत कापायच्या यंत्राशी झटत होता. तिनं खिडकी उघडून त्याला तेच सांगितलं.

"मला कुणी सांगितलं नाही हे," तो म्हणाला, आणि पुन्हा यंत्रावर वाकला.

तिनं खिडकी लावून घेतली.

त्यानं लगेच एकट्याच्या नावानं अर्ज करून टाकावा, असं मी सुचवलं. अ‍ॅव्हरिलला ते पटेना. नोरीन पंचाहत्तरची. सकाळी दार उघडावं आणि न्यायालयाचं पाकीट हातात पडावं, हे बरं नाही. आधी आपण दोन ओळी लिहू, बाईमाणसानं बाईमाणसाला लिहाव्या तशा. विल्फ म्हणाला, "कशाला? उगाच राख उकरायची. ती उत्तर देणार नाही." त्या एका गोष्टीवर तो इतका अडून बसला की मलाच नवल वाटलं. बोटी बुडाल्या तरी चहा संपवून उठणारा माणूस तो.

तिनं लिहिलंच. पत्ता विल्फच्या चुलत बहिणीकडून मिळाला. नोरीन आता केंडलला राहत होती.

उत्तर बारा दिवसांनी आलं. शुक्रवार होता. अ‍ॅव्हरिल एकटीच आली, कोट न काढता बसली, आणि म्हणाली, "वाचून दाखवते. तुम्हाला कळलं नाही तर थांबवा." इंग्रजांची कामं करून करून माझं इंग्रजी बरं झालंय. मी तिला एकदाही थांबवलं नाही.

"प्रिय अ‍ॅव्हरिल, तुमचं अक्षर सुरेख आहे. तुम्ही लिहिता की मी इतकी वर्षं घटस्फोटाला नाही म्हणत आले. मला वाटतं तुमचा काही गैरसमज झालाय. मला कुणी विचारलंच नाही. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये एका गुरुवारी विल्फ्रेड गेला तेव्हा मी त्याचे तीन शर्ट इस्त्री करून ठेवले होते. ते त्यानं नेले. त्यानंतर त्याचं एक अक्षर मला आलेलं नाही. मी इथं बहिणीकडे आले तेव्हा लोकांनी धरून चाललं की तो समुद्रात गेला. मी तसं कधी म्हटलं नाही, पण कुणी म्हटलं तर नाकारलंही नाही. छत्तीस वर्षं मी विधवा आहे आणि मला त्याची सवय झालीय. आता घटस्फोट घ्यायचा म्हणजे आधी त्याला जिवंत करावं लागेल. मला विचार करायला वेळ द्या. तुमची, नोरीन गारसाइड."

अ‍ॅव्हरिलनं पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं.

"दर दोन-तीन वर्षांनी मी त्याला विचारायची," ती म्हणाली. "तो म्हणायचा, लिहिलंय तिला, बघू. मग म्हणायचा, नाही म्हणाली. एकदा तर त्यानं तिचं बोलणं सांगितलं मला. शब्दन्‌ शब्द. 'ती म्हणते, देवासमोर केलंय ते देवच मोडेल.' मी त्या बाईला इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या देत होते."

मी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो तसाच ठेवला.

"तुमच्याकडे वरची खोली रिकामी आहे ना?" तिनं विचारलं.

माझी मुलगी शहरात नोकरीला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. दुपारी अ‍ॅव्हरिल एक पेटी आणि चहाची किटली घेऊन आली. किटली का, म्हटलं, माझ्याकडे आहे की. "तुमच्याकडचं पाणी उकळत नाही, नुसतं कोमट होतं," ती म्हणाली. इंग्रजांशी या विषयावर वाद घालू नये.

ती माझ्याकडे अकरा दिवस राहिली. ना रडली, ना आदळआपट केली. सकाळी उठून माझं अंगण झाडायची, सफरचंदं सोलायची, दुपारी तासभर आमचं व्याकरण घोकायची. त्या अकरा दिवसांत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो.

विल्फ रोज सकाळी साडेनऊला यायचा. आत यायचा नाही. फाटकाशी उभा राहून टपाल द्यायचा: जिल्हा कचेरीचं स्मरणपत्र, करखात्याचं पत्र, बियाण्यांची यादी.

"बरी आहे का ती?" तो मला विचारायचा.

"वर आहे. जाऊन विचारा."

"नको. कामात असेल."

चौथ्या दिवशी मीच चिडले. "विल्फ, तुम्ही ट्रॅक्टरचं इंजिन अख्खं सुटं करून जोडता आणि एका बाईला चार ओळी लिहिता आल्या नाहीत तुम्हाला?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "पत्र टाकलं असतं तर उत्तर आलं असतं," तो म्हणाला. "आणि ते मला उघडावं लागलं असतं. मी निघून आलो तेव्हा तिला सांगितलंही नाही, सोलांज. कामावर जातो म्हणालो. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी लिहू. दहा वर्षांनी काय लिहिणार? मग एप्रिलनं विचारलं की तोंडातून निघून जायचं, नाही म्हणाली म्हणून. एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा तेच म्हणावं लागतं."

"हे मला नका सांगू. वर जाऊन तिला सांगा."

तो पायऱ्या चढला. मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले, मुद्दाम आवाज करत, म्हणजे मला ऐकू येऊ नये. वीस मिनिटांनी तो खाली आला आणि गेला. संध्याकाळी मी अ‍ॅव्हरिलला विचारलं, काय म्हणाला?

"खरं बोलला," ती म्हणाली. "पहिल्यांदाच त्याला इतकं बोलताना ऐकलं. मला वाईट कशाचं वाटतंय सांगू? तो नोरीनला घाबरत होता हे मला कळतं. मला का घाबरला? मी काय केलं असतं त्याला?"

"सोडून गेली असतीस."

तिनं विचार केला. "हो. नव्वद साली गेले असते," ती म्हणाली आणि सफरचंदाची साल एका लांब पट्टीत काढत राहिली.

नवव्या दिवशी तिनं नोरीनला फोन केला. नंबर पत्राच्या खाली दिलेला होता. मी उठायला लागले तर तिनं मला हातानं बसवलं आणि फोनचा आवाज मोठा केला.

पलीकडचा आवाज बारीक पण ठणठणीत. आधी दोघी हवेबद्दल बोलल्या, मग गुडघ्यांबद्दल. नोरीनचा एक गुडघा बदललेला, अ‍ॅव्हरिलचा बदलायचा. मग नोरीन म्हणाली, "तो घोरतो का अजून?"

"इंजिनासारखा."

"मला वाटलंच. मी विधवा झाले तेव्हा पहिल्या महिन्यात झोपच येईना, इतकी शांतता."

अ‍ॅव्हरिल हसली. मग तिनं जिल्हा कचेरीचं पत्र, छप्पर, नोटरीबाईंचे साठ टक्के, सगळं सरळ सांगून टाकलं. लपवलं काही नाही. नोरीननं मध्ये एकदाच विचारलं, "आणि बायकोला किती कर?"

"शून्य."

"फ्रान्समध्ये बायको स्वस्त पडते म्हणायची," नोरीन म्हणाली. "हे बघा अ‍ॅव्हरिल, मला ना त्याचं घर हवंय, ना त्याचे पैसे. तुमच्यावर माझा रागही नाही. तो गेला तेव्हा तुम्ही त्याला ओळखतही नव्हता. मी सही करीन. पण एक आहे. त्यानं मला विचारावं. वकिलानं नाही, तुम्ही नाही. त्यानं. स्वतःच्या हातानं लिहून. लग्नाचं विचारलं होतं ना तोंडानं, आता हेही विचारावं."

"विचारेल," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

"तुम्ही सांगू नका त्याला काय लिहायचं ते."

"नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी विल्फ फाटकाशी आला तेव्हा अ‍ॅव्हरिल स्वतः खाली गेली. मी पडद्याआडून बघत होते, कबूल करते. तिनं त्याच्या हातातलं टपाल घेतलं आणि कोऱ्या कागदांचं पुडकं त्याच्या हातात दिलं.

तो माझ्या कचेरीत येऊन लिहायला बसला. म्हणाला, घरी जमत नाही, घरी यंत्रं दिसतात. सात कागद फाडले. फोरीसाहेब मध्येच आले, म्हणाले, "काय, कराचा फॉर्म का?" विल्फ म्हणाला, "त्याहून अवघड." आठवा कागद त्यानं माझ्यापुढे ठेवला. त्यात इतकंच होतं:

"नोरीन, मी न सांगता गेलो. मी तुला सांगायला हवं होतं आणि नंतर लिहायला हवं होतं. मी भ्यालो. तुझी चूक काही नव्हती. मला अ‍ॅव्हरिलशी लग्न करायचं आहे, म्हणजे तिला इथं राहता येईल. तू मला घटस्फोट देशील का? विल्फ्रेड. ता. क. शर्ट चांगले टिकले."

"शेवटची ओळ ठेवू का?" त्यानं विचारलं.

"ती तुमची तुम्ही ठरवा."

त्यानं ठेवली. अकराव्या दिवशी अ‍ॅव्हरिल किटली घेऊन घरी गेली. लग्नाला तयार आहे असं काही तिनं त्याला सांगितलं नव्हतं. "आधी तिचं उत्तर येऊ दे," एवढंच म्हणाली.

नोरीनचं उत्तर म्हणजे सही केलेला अर्जच आला. सोबत चिठ्ठी अ‍ॅव्हरिलच्या नावानं: मी माझ्या बहिणीला सांगितलं, ती म्हणाली तिला पहिल्यापासून माहीत होतं. बाकीच्यांना मी सांगणार नाही. सगळ्या जगाला सांगायची गरज नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी दोघांच्या नावे अर्ज गेला. तिकडचा कायदा सोपा असला तरी सावकाश चालतो. आधी वीस आठवडे थांबायचं, दोघांचं मन बदलतं का बघायला. मग आणखी सहा. छत्तीस वर्षं वेगळी राहिलेली माणसं मन बदलतील असं ज्याला वाटलं तो माणूस मला एकदा बघायचाय.

मधल्या काळात परवाना संपत होता. मी अ‍ॅव्हरिलबरोबर जिल्हा कचेरीत गेले. खिडकीमागे तिशीचा एक मुलगा, सभ्य, नखं कुरतडलेली. त्यानं संगणकात बघून विचारलं, "गारसाइड यांच्याशी बाईंचं नातं?"

"सोबती," मी म्हटलं.

"तो रकाना नाही. पती-पत्नी, नोंदणीकृत जोडीदार, अपत्य, पालक, इतर."

"मग इतर."

"इतरांचं उत्पन्न धरता येत नाही."

मी फोरीसाहेबांच्या सहीचं पत्र काढलं: सदर बाईंच्या विवाहाची फाइल आमच्या कचेरीत उघडलेली असून परदेशी न्यायालयाचा कागद येणं बाकी आहे. शिक्का मी जरा जोरातच मारला होता. त्यानं पत्र दोनदा वाचलं, आत जाऊन कुणाला तरी दाखवलं, आणि तीन महिन्यांची पावती दिली. "संपायच्या आधी पुन्हा या," तो म्हणाला. आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला त्यानं स्वतःहून विचारलं, "आला का बाई, कागद?" अ‍ॅव्हरिलनं त्याला तिच्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, "अजून पहिल्या बायकोचा नवरा आहे, सहा आठवडे." तो हसला आणि मग हसलो हे चुकलं असं वाटून खोकला.

जूनअखेर कागद आला. शपथ घेतलेल्या दुभाष्याकडून भाषांतर करून घेतलं, आणि तेव्हा लक्षात आलं की विल्फच्या जन्माचा दाखला सहा महिन्यांहून जुना झालाय, आणि लग्नाला तेवढा जुना चालत नाही. चूक माझीच; तारीख बघितली नव्हती.

"माझा जन्म तोच आहे की," विल्फ म्हणाला.

"दाखला शिळा झालाय."

"मीही झालोय. मला नवीन मागवाल का?"

नवा दाखला आला, त्याचं नवं भाषांतर आलं, आणि ऑगस्टच्या अखेरीस मी पंचायतीच्या दाराशी काचेत विवाहाची नोटीस लावली. दहा दिवस कुणी हरकत घेतली नाही.

लग्नाच्या आदल्या शुक्रवारी अ‍ॅव्हरिल कचेरीत आली. म्हणाली, "सोलांज, एक विचारू? कार्डासाठी केलेलं लग्न आणि खरं लग्न, यात कायद्याच्या दृष्टीनं काय फरक?"

"एकत्र राहत असाल तर काही नाही."

"हं." ती खिडकीशी गेली. "मी त्याला माफ केलंय का, मला माहीत नाही. सकाळी वाटतं केलंय. संध्याकाळी त्यानं मागितलेलं मीठ मी पुढे करते आणि त्याच वेळी आठवतं, देवासमोर केलंय ते देवच मोडेल. कुठून सुचलं असेल गं त्याला ते?"

"मग पुढे ढकलायचं का?"

"नाही, नाही. मी राहणार आहे. इथंच, त्याच्याबरोबर. ते तर माझं कधीच ठरलंय. फक्त सगळं मिटलं असं कुणी म्हणू नये एवढंच." आणि ती माझ्याकडून टाचण्या घेऊन गेली, कारण तिचा ड्रेस कमरेत ढिला झाला होता.

लग्न सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी अकराला झालं. फोरीसाहेबांनी तिरंगी पट्टा बांधला आणि कायद्यातली कलमं वाचून दाखवली. एकमेकांचा आदर, निष्ठा, साहाय्य. दुभाष्या ते इंग्रजीत सांगत होता. 'निष्ठा' आल्यावर विल्फ बुटांकडे बघायला लागला. साहेबांनी विल्फला विचारलं. विचारून पुरं व्हायच्या आधीच त्यानं हो म्हटलं, पुन्हा विचारावं लागलं. मग अ‍ॅव्हरिलला विचारलं. तिनं वेळ घेतला. इतका की मागच्या बाकावरच्या बेकरीवाल्या बाईनं माझा हात धरला. अ‍ॅव्हरिल विल्फकडे बघत होती, रागानं नाही, एखादी गोष्ट नीट बघून घ्यावी तशी. मग ती आमच्या भाषेत, अगदी स्पष्ट, "हो" म्हणाली.

दुपारी पंचायतीच्या अंगणात टेबलं मांडली. आमच्याकडची गोड दारू पिनो, बदकाचा रस्सा, आणि अ‍ॅव्हरिलनं केलेला इंग्रजी केक, जो आमच्या लोकांनी सभ्यपणे खाल्ला. नोरीनकडून पार्सल आलं होतं. आत भरतकाम केलेला टेबलक्लॉथ, स्वतःच्या हातचा. अ‍ॅव्हरिलनं त्याच दिवशी तो पसरला आणि त्याच दिवशी त्यावर वाइन सांडली.

कार्ड डिसेंबरात मिळालं. जिल्हा कचेरीतल्या त्या मुलानं ते खिडकीतून दिलं आणि म्हणाला, "अभिनंदन, मादाम गारसाइड." ती म्हणाली, "मॉसप. माझं आडनाव मॉसपच आहे. कार्डावर बघा." त्यानं बघितलं. होतं.

या मे महिन्यात दोघं कराचं विवरण भरायला माझ्याकडे आली. आता नवरा-बायको म्हणून एकच फॉर्म. त्याची इंग्लंडची दोन निवृत्तिवेतनं, तिचं एक, कुठल्या करारानं कशावर कुठे कर, हे सगळं लावता लावता सकाळ गेली. पहिल्याच पानावर दोन रकाने होते, पहिला करदाता आणि दुसरा करदाता. मी सवयीनं पहिल्यात विल्फचं नाव लिहायला लागले.

"थांब," अ‍ॅव्हरिल म्हणाली. "असा काही नियम आहे का?"

"नाही. लोक नवऱ्याचं लिहितात."

"मग माझं लिही."

मी विल्फकडे बघितलं. तो टेबलावरचा स्टेपलर बघत होता, पण हात लावला नव्हता.

"लिहा," तो म्हणाला. "मला विचारायला नको."

"विचारायला हवं," ती म्हणाली. "विल्फ, तुला चालेल का?"

"चालेल."

मी पहिल्या रकान्यात मॉसप, अ‍ॅव्हरिल असं लिहिलं, दुसऱ्यात त्याचं, आणि दोघांना सह्या करायला पेन दिलं. बारा वाजत आले होते, बाहेर बेकरीवाल्या बाई जन्मदाखल्यासाठी थांबल्या होत्या.